स्लॅकलाइनवरचा विक्रम आणि ट्रिक: दावा कसा मोजायचा, कसा नोंदवायचा

१० जुलै २०२४ रोजी एस्टोनियाचा यान रोसे मेसिनाच्या सामुद्रधुनीवर बांधलेल्या ३,६४६ मीटर लांबीच्या स्लॅकलाइनवरून (दोन टोकांमध्ये ताणलेल्या, तोल सांभाळत चालायच्या चपट्या पट्ट्यावरून) इटलीच्या मुख्य भूमीकडून सिसिलीला चालत गेला. लागलेला वेळ २ तास ५७ मिनिटं. दुसरं टोक साधारण ८० मीटरवर आलं असताना तो पडला, लीशवर (चालणाऱ्याला लाइनशी जोडणाऱ्या सुरक्षा दोरावर) लटकला, पुन्हा लाइनवर चढला आणि पलीकडे पोचला. इतकी लांब लाइन तोवर कोणीच पार केली नव्हती. तरीही न पडता पार केलेल्या सर्वांत लांब लाइनचा विक्रम त्याच्या नावावर लागला नाही; आधीचा २,७१० मीटरचा आकडा कायम राहिला.

हा निकाल लगेच आणि वादाशिवाय लागू शकला, कारण काय मोजायचं आणि कशाला पडणं म्हणायचं हे आधीच ठरलेलं होतं. आपल्याकडचे बहुतेक दावे नेमके इथेच ढासळतात. चालणारा खरोखर चाललेला असतो, ट्रिक खरोखर बसलेली असते, पण लांबी फोनच्या नकाशावरून काढलेली असते, कॅमेरा दुसऱ्या प्रयत्नापासून सुरू झालेला असतो आणि साक्षीदार म्हणून सख्ख्या भावाची सही असते. मग महिन्याभराच्या सरावाचं चीज होत नाही. म्हणून हा लेख कामाच्या क्रमाने लिहिला आहे, आणि क्रम बदलू नका असं माझं आग्रहाचं सांगणं आहे.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. हायलाइन, म्हणजे उंचावरची स्लॅकलाइन, बांधायला हा लेख वाचून शिकता येणार नाही. ते काम अनुभवी रिगरच्या (लाइन बांधणाऱ्या जाणकाराच्या) हाताखाली शिकायचं असतं. इथे बोलायचं आहे ते पुराव्याबद्दल.

टप्पा १: दावा एका वाक्यात लिहा

लाइन बांधायच्या आधी वहीत एक वाक्य लिहा. त्यात लाइनचा प्रकार, मोजायची गोष्ट, चालण्याची शैली आणि अपयश कशाला म्हणायचं हे सगळं आलं पाहिजे. उदाहरणार्थ:

"२५ मिलिमीटर पॉलिस्टर हायलाइन, दोन्ही टोकांमधलं सरळ अंतर १४२ मीटर, ऑनसाइट, एकेरी, लीशसह, न पडता आणि लाइन हाताने न धरता."

यातला प्रत्येक शब्द कामाचा आहे. हायलाइन, जमिनीलगतची लाँगलाइन, पाण्यावरची वॉटरलाइन आणि उड्यांसाठीची रुंद ट्रिकलाइन यांच्या नोंदी एकमेकींत मिसळत नाहीत. शैलीचे तीन शब्द तर नीट पाठच करा. सेंड म्हणजे या टोकापासून त्या टोकापर्यंत न पडता जाणं. फुल मॅन म्हणजे जाऊन येऊन, दोन्ही दिशांनी न पडता. ऑनसाइट म्हणजे त्या लाइनवरच्या पहिल्याच प्रयत्नात. आदल्या संध्याकाळी त्याच लाइनवर चार पावलं टाकून पाहिली असतील, तर दुसऱ्या दिवशीचं चालणं कितीही देखणं झालं तरी ते ऑनसाइट राहत नाही.

कॅच हा चौथा शब्द. तोल गेल्यावर पूर्ण खाली न जाता हातांनी लाइन पकडणं म्हणजे कॅच. नवखे लोक याला पडणं मानत नाहीत, "लीशवर कुठे लटकलो?" असं विचारतात. न पडता चालल्याच्या दाव्यात कॅच म्हणजे पडणंच. मध्येच मुद्दाम बसून विश्रांती घेतलेली चालते का, हे ज्या संस्थेकडे दावा पाठवायचा तिच्या नियमात वाचा आणि त्याप्रमाणे आपल्या वाक्यात लिहा.

तपासणी: हे वाक्य स्लॅकलाइन न करणाऱ्या माणसाला वाचायला द्या आणि विचारा, "काय झालं तर हा प्रयत्न फसला असं तू म्हणशील?" त्याला उत्तर देता आलं नाही, तर वाक्य पुन्हा लिहा.

टप्पा २: दावा कोणाकडे जाणार, ते ठरवा

लांब हायलाइन आणि लाँगलाइनच्या नोंदींसाठी इंटरनॅशनल स्लॅकलाइन असोसिएशन ही या खेळातल्याच लोकांची संस्था आहे. ऑनसाइट आणि फुल मॅन यांतला फरक तिथे समजावून सांगावा लागत नाही. गिनेस वर्ल्ड रेकॉर्ड्सची रीत वेगळी आहे. तिथे आधी ऑनलाइन अर्ज करायचा, अर्ज मान्य झाला की त्या विक्रमाची नियमावली येते, आणि त्या नियमावलीप्रमाणेच प्रयत्न करायचा. उत्तराला आठवडेच्या आठवडे लागतात, त्यामुळे तारीख ठरवून मग अर्ज करणं उलटं आहे. आधी प्रयत्न करून नंतर नियम मागवणाऱ्यांचा पुरावा हमखास कुठे ना कुठे कमी पडतो.

पैसे भरले की प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थाही बऱ्याच आहेत. निवड करताना एकच प्रश्न विचारा: ही संस्था कापलेला नसलेला मूळ व्हिडिओ आणि मोजणीची पद्धत मागते का? मागत नसेल, तर ते प्रमाणपत्र भिंतीवर शोभेल, पण पुढच्या चालणाऱ्याला त्यावर विसंबून आपला आकडा ठरवता येणार नाही. विक्रमाची नोंद असते ती त्या पुढच्या माणसासाठी.

टप्पा ३: परवानगी, अँकर (लाइन बांधायचा आधार) आणि साहित्याची नोंद

सह्याद्रीत कड्यावर लाइन लावायची तर जागा वन विभागाची आहे की पुरातत्त्व खात्याच्या संरक्षित किल्ल्याची, हे आधी पाहा. संरक्षित तटबंदीला, बुरुजाला किंवा किल्ल्यावरच्या कातळाला ड्रिल लावायचं नाही. त्याला अपवाद नाही. बेसॉल्टचे थर सगळीकडे सारखे नसतात. घट्ट काळ्या थराखाली भुसभुशीत तांबडा थर निघतो. हातोडीने ठोकल्यावर खणखणीत आवाज आला नाही, पोकळ आला, तर ती जागा सोडा. बोल्ट कुठे मारायचा हे प्रस्तरारोहणाचा पक्का अनुभव असलेल्याने ठरवावं.

बागेत किंवा किनाऱ्यावर लाइन लावणाऱ्यांसाठी इतकंच: गुलमोहर टाळा. दिसायला भरदार असला तरी तो ठिसूळ, आणि मुळंही वरवरची. जाड बुंध्याचं निरोगी झाड घ्या आणि सालीला गोणपाट किंवा जुनी सतरंजी गुंडाळून मगच स्लिंग (अँकरचा पट्टा) टाका.

साहित्याची यादी फोटोसह करा: वेबिंगची (लाइनच्या विणलेल्या पट्ट्याची) रुंदी आणि धागा, मुख्य लाइन, बॅकअप (राखीव लाइन), लीशचा दोर, लीश लाइनला अडकवणारी रिंग. हायलाइनवर बसल्यावर, पहिलं पाऊल टाकण्याआधी, लीशची गाठ आणि रिंग दुसऱ्या माणसाने हात लावून तपासायची. रिंगमधून मुख्य लाइन आणि बॅकअप दोन्ही गेल्या आहेत का, हे त्याने मोठ्याने म्हणायचं आणि ते कॅमेऱ्यात ऐकू आलं पाहिजे. सुरक्षिततेची सवय आणि पुरावा दोन्ही एकाच कृतीत होतं.

इशारा: लीशशिवाय हायलाइन चालून "जास्त मोठा" विक्रम करण्याच्या भानगडीत पडू नका, आणि कोणी तसा व्हिडिओ पाठवला तर कौतुक करून त्याला हवा देऊ नका.

टप्पा ४: लांबी मोजणं

सगळ्यात जास्त दावे इथे फसतात, म्हणून इथे थोडं थांबू.

आधी कोणती लांबी, ते ठरवा. एकाच लाइनला चार लांब्या असतात: रोलवरून सोडलेल्या वेबिंगची, ताणल्यानंतरच्या वेबिंगची, दोन टोकांमधलं सरळ अंतर, आणि नकाशावरचं आडवं अंतर. या चारही वेगवेगळ्या येतात. वेबिंग ताणलं की लांबतं. पॉलिस्टर थोडं, नायलॉन बरंच. त्यामुळे जमिनीवर पसरून दर मीटरला मार्करने खुणा केल्या, तर लाइन ताणल्यावर त्या खुणा मीटरभर अंतरावर राहत नाहीत. खुणा मोजून "१०० मीटर" सांगणाऱ्याचा आकडा खऱ्यापेक्षा कमी येतो, आणि वेबिंग नायलॉनचं असेल तर चांगलाच कमी.

झोळामुळेही फरक पडतो, पण लोकांना वाटतो तितका नाही. सरळ अंतर १०० मीटर आणि मधोमध झोळ ५ मीटर असेल, तर चालणारा मध्ये उभा असताना वेबिंगची वाट सरळ अंतरापेक्षा जेमतेम अर्ध्या मीटरने जास्त भरते. उंचीतल्या फरकाचं गणितही असंच: एक टोक दुसऱ्यापेक्षा १० मीटर वर असेल आणि नकाशावर आडवं अंतर १०० मीटर असेल, तर सरळ तिरपं अंतर १००.५ मीटर होतं. विक्रम दहा-वीस मीटरने मोडला असेल तर या अर्ध्या मीटरने काही बिघडत नाही. एका मीटरने मोडला असेल तर सगळं बिघडतं.

दावा करायला सोयीची आणि वादाला कमी जागा देणारी लांबी म्हणजे चालता येण्याजोग्या भागाच्या दोन टोकांमधलं सरळ अंतर. टोक म्हणजे झाड किंवा बोल्ट नव्हे. वेबिंग जिथून मोकळं सुटतं तो बिंदू म्हणजे टोक. अँकरची स्लिंग तीन मीटर लांब असेल तर ते तीन मीटर तुमचे नाहीत.

मग साधन निवडा.

लेझर रेंजफाइंडर बहुतेकांकडे असतो किंवा मिळतो. साध्या यंत्रात मीटरभर इकडेतिकडे धरून चाला. गोल्फसाठी विकल्या जाणाऱ्या यंत्रात एक खास सापळा आहे: उताराची सोय चालू असेल तर पडद्यावर येणारा आकडा ना सरळ अंतर असतो ना आडवं, चेंडू किती लांब मारायचा याचा तो अंदाज असतो. ती सोय बंद करा. समोरच्या टोकाला पांढरा पुठ्ठा धरून माणूस उभा करा, नाहीतर लेझर मागच्या झाडावर आपटून येतो. दोन्ही टोकांकडून पाच-पाच वेळा मोजा आणि सगळे आकडे लिहा. नुसती सरासरी लिहू नका.

फोनच्या जीपीएसवर मोकळ्या आकाशाखालीही तीन ते पाच मीटरची चूक धरावी लागते, कड्याच्या कुशीत त्याहून जास्त. दोन टोकांना दोन चुका, म्हणजे अंतरात पाच-सहा मीटरची शंका आलीच. शिवाय लोक अक्षांश-रेखांश उतरवताना दशांशानंतर चारच आकडे लिहितात. चौथ्या आकड्याची एक पायरी म्हणजे जमिनीवर साधारण ११ मीटर! सहा आकडे लिहा. आणि फरक काही मीटरचाच असेल तर जीपीएसवर दावा करूच नका.

उत्तम मार्ग म्हणजे टोटल स्टेशन किंवा आरटीके जीपीएस (मोजणीची अचूक यंत्रं) असलेला जमीन मोजणी करणारा सर्व्हेअर. तालुक्याच्या गावी असे लोक असतात, अर्ध्या दिवसाचं काम असतं. त्याची सही-शिक्क्याची नोंद कोणत्याही संस्थेपुढे तुमच्या दहा व्हिडिओंपेक्षा जास्त बोलते.

मोजणी केव्हा करायची? लाइन ताणून झाल्यावर, प्रयत्नाच्या दिवशीच. नायलॉन भिजलं की जास्त ताणतं. पावसाळी हवेत आदल्या दिवशी लाइनला दिलेला ताण सकाळी तसाच राहत नाही. टोकाची खूण दोन पावलं सरकली तरी मोजणी जुनी झाली.

तपासणी: बागेतल्या साध्या लाइनसाठी एक पडताळा आहे. चालणारा मधोमध उभा असताना लाइनवरचा ताण म्हणजे साधारण त्याचं वजन गुणिले लांबी, भागिले झोळाच्या चौपट. चालणारा ७० किलोचा, म्हणजे ०.७ किलोन्यूटन, झोळ ५ मीटर, आणि डायनॅमोमीटरवर (ताण मोजणाऱ्या यंत्रावर) ३.५ किलोन्यूटन दिसत असेल, तर लांबी १०० मीटरच्या आसपास असली पाहिजे. लाइनचं स्वतःचं वजन असल्याने ताण थोडा जास्तच दिसेल. पण दावा १०० मीटरचा आणि हिशोब ७० मीटरचा निघाला, तर कुठेतरी मोठी चूक आहे. किलोमीटरच्या घरातल्या लाइनला हे सूत्र लावू नका. तिथे वेबिंगचं वजनच माणसापेक्षा जास्त होतं.

टप्पा ५: उंची

उंची म्हणजे लाइनपासून थेट खाली जमिनीपर्यंतचं किंवा पाण्यापर्यंतचं अंतर. समुद्रसपाटीपासूनची उंची हा वेगळा आकडा आहे. कड्याचा माथा १,००० मीटरवर आणि लाइनखालची घळ ६० मीटरची असेल, तर हायलाइन ६० मीटरची. बातमीत मात्र १,००० छापून येतात, आणि मग खुलासे करत बसावं लागतं.

खरी मोठी उंची कशी असते त्याचं उदाहरण: २ डिसेंबर २०२१ रोजी राफाएल झुग्नो ब्रीदी ब्राझीलमधल्या प्राया ग्रांदी इथे दोन हॉट एअर बलूनमध्ये बांधलेल्या लाइनवर १,९०१ मीटर उंचीवर चालला. ती लाइन होती फक्त १८ मीटर लांब. उंचीचा विक्रम आणि लांबीचा विक्रम एकमेकांपासून किती लांब असू शकतात, ते यात दिसतं.

कड्यावर मोजायला सोपी रीत: वजन बांधलेला दोर लाइनच्या सर्वांत खोल जागेवरून खाली सोडा, जमिनीला टेकला की खूण करा, वर ओढून टेपने मोजा. लेझर खाली रोखला तर झुडपावर आपटतो.

टप्पा ६: कॅमेरे आणि साक्षीदार

व्हिडिओ एका दमाचा हवा. सुरुवात होण्याआधी कॅमेरा चालू, संपल्यानंतर बंद. मध्ये तोडायचा नाही, वेग बदलायचा नाही, गाणं घालायचं नाही. गाणं घातलेली सुंदर फिल्म वेगळी करा, पण पुरावा म्हणून पाठवू नका.

सोय आधी बघा. ४के आणि सेकंदाला ६० फ्रेम अशा सेटिंगवर एका मिनिटाला साधारण ४०० एमबी जातात, तासाला २४ जीबी. लांब चालण्यासाठी १०८० पुरतं. काही कॅमेरे अर्ध्या तासाने आपोआप थांबतात, तर अ‍ॅक्शन कॅमेरे फाइलचे तुकडे करत जातात. सगळे तुकडे ठेवा, एकही गाळू नका. पॉवर बँक जोडून घरी एकदा पूर्ण वेळ चालवून पाहा.

एका टोकावरून ३०० मीटरवरच्या माणसाचे हात दिसत नाहीत, आणि कॅच हातानेच होतो. म्हणून दोन्ही टोकांना झूमचे कॅमेरे ठेवा आणि मधला भाग बाजूच्या उंचवट्यावरून घ्या. ड्रोन पूरक म्हणून ठीक. त्याची बॅटरी अर्धा तासही धड टिकत नाही, आणि तो जवळ आणला तर पंख्याच्या हवेने चालणारा हलतो. उडवण्याआधी, ड्रोन कुठे उडवता येतो हे दाखवणाऱ्या सरकारी नकाशावर त्या जागेचा रंग पाहा. संरक्षण खात्याच्या किंवा विमानतळाच्या जवळ परवानगीशिवाय उडवायचा नाही.

नोंद साठवणारा डायनॅमोमीटर असेल तर तो प्रयत्नभर चालू ठेवा. लीशवर पडलं की ताणाच्या आलेखात तीव्र टोक उमटतं. कॅमेऱ्याच्या नजरेतून काही सुटलं तरी तिथे सापडतं, आणि काहीच झालेलं नसेल तर तो आलेख तुमच्याच बाजूने बोलतो.

साक्षीदार दोन असावेत. घरचे, जवळचे मित्र, पैसे घेतलेला रिगर, कोणीही नको. गिर्यारोहण संस्थेचा पदाधिकारी, शाळेचा क्रीडाशिक्षक असे लोक चालतात, पण कॅच म्हणजे काय हे त्यांना आधी लाइनवर करून दाखवा. त्यांनी आपापलं निवेदन त्याच दिवशी, एकमेकांना न विचारता, स्वतःच्या शब्दांत लिहावं. दोन्ही निवेदनं शब्दशः सारखी निघाली तर ती तुम्ही लिहून दिली आहेत हे वाचणाऱ्याला लगेच कळतं.

टप्पा ७: प्रयत्नाचा दिवस

क्रम असा ठेवा:

१. लाइन तपासणी, लांबी आणि उंचीची शेवटची मोजणी. मोजणीची चित्रफीत.

२. सगळे कॅमेरे सुरू. एकाच घड्याळाचा पडदा सगळ्या कॅमेऱ्यांना दाखवा आणि एक जोरदार टाळी वाजवा. नंतर फिती जुळवायला हीच टाळी उपयोगी पडते.

३. चालणाऱ्याने तारीख, जागा आणि टप्पा १ मधलं वाक्य कॅमेऱ्यासमोर वाचायचं.

४. लीशची तपासणी, मोठ्याने.

५. प्रयत्न. फसला तर तसं म्हणा, वेळ सांगा, कॅमेरा बंद करू नका आणि पुढच्या प्रयत्नाला क्रमांक द्या.

६. यशस्वी प्रयत्नानंतर लगेच, लाइन सैल करण्याआधी, दोन्ही टोकांचं पुन्हा मोजमाप.

सहावी पायरी बहुतेक जण विसरतात. आनंदात मिठ्या मारेपर्यंत कोणीतरी टोक सोडवायला लागतं. मोजणी पुन्हा होईपर्यंत अँकरजवळ एक माणूस बसवून ठेवा आणि त्याला एवढंच काम द्या.

फसलेले प्रयत्न लपवू नका. चौथ्या प्रयत्नात न पडता पार केलेली लाइन हा पूर्ण सन्मानाचा सेंड आहे. पहिले तीन गाळून ऑनसाइट म्हणून खपवला की खोटा ठरतो, आणि त्याबरोबर तुमच्या आधीच्या नोंदींकडेही लोक संशयाने पाहू लागतात.

टप्पा ८: ट्रिकचा दावा

ट्रिकमध्ये मीटर नसतो, म्हणून वर्णन आणखी काटेकोर हवं. तीन गोष्टी लिहा: कशातून सुरू, हवेत काय, कशात उतरला. "बॅकफ्लिप केली" हे अपुरं आहे. "बट-बाउन्समधून सुरुवात, मागे एक पूर्ण कोलांटी, पायांवर उतरून लाइनवर उभा राहिला" हे पुरेसं आहे (बट-बाउन्स म्हणजे लाइनवर बुडावर बसून घेतलेली उसळी), कारण बटवरून बटवर उतरणं आणि बटवरून पायांवर उतरणं या दोन वेगळ्या ट्रिक आहेत. गिरकी किती अंशांची हे खांदे आणि कंबर दोन्ही पाहून ठरवा. खांदे ३६० फिरले आणि कंबर २७० वरच लाइनला लागली, तर ती ३६० नाही.

उतरणं कधी धरायचं? लाइनवर आल्यावर ताबा दिसला पाहिजे: पुढचा बाउन्स स्वतःच्या मर्जीने घेतला, किंवा स्थिर उभा राहिला. लाइनला स्पर्श करून लगेच जमिनीवर गेलेला प्रयत्न म्हणजे जवळपास झालेली ट्रिक, झालेली नव्हे. कॉम्बोमध्ये (सलग ट्रिकांच्या साखळीत) दोन ट्रिकांच्या मध्ये रिकामा बाउन्स घेतला की साखळी तुटली. मोजणी पुन्हा एकपासून.

बुद्धा (मांडी घालून बसणं) किंवा ड्रॉप-नी (एक गुडघा खाली दुमडून बसणं) यांसारख्या स्थिर आसनांचा वेळ मोजताना घड्याळ हात लाइनवरून सुटल्यावर सुरू होतं आणि हात लाइनला लागताच थांबतं. शरीर आसनात गेलं त्या क्षणापासून मोजू नका.

चित्रणासाठी एक कॅमेरा लाइनच्या काटकोनात ठेवा, दुसरा लाइनच्या रेषेत. काटकोनातून कोलांटी दिसते, रेषेतून गिरकी. सेकंदाला ६० फ्रेम ही किमान मर्यादा, १२० असतील तर उत्तम. अगदी जवळून मोठ्या कोनात घेतलेला शॉट सोडा, त्यात सगळीच उडी उंच दिसते.

आणि "जगात पहिल्यांदा" हे शब्द शक्यतो वापरू नका. फ्रीस्टाइल हायलाइनच्या मंडळींमध्ये ट्रिकांच्या याद्या आहेत, जुने स्पर्धांचे व्हिडिओ आहेत. ते सगळं चाळून, कोणत्या नोंदी पाहिल्या ते सांगून, "या नोंदींमध्ये ही ट्रिक सापडली नाही" असं लिहा. हे वाक्य कमी चमकदार वाटेल, पण उद्या कोणी जुना व्हिडिओ काढला तरी खोटं पडणार नाही.

टप्पा ९: फाइल बांधणं

एक फोल्डर, त्यात पाच गोष्टी: दाव्याचं वाक्य, मोजणीचे कच्चे आकडे आणि साधनांची नावं, साहित्याची फोटोसह यादी, साक्षीदारांची निवेदनं, आणि मूळ व्हिडिओ. व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरून आलेला व्हिडिओ मूळ नसतो. तो दाबला जातो आणि त्यातली तारीख-वेळेची माहिती निघून जाते. कार्डवरून थेट संगणकावर उतरवा, दोन वेगळ्या डिस्कवर ठेवा आणि निकाल लागेपर्यंत कार्ड पुसू नका. लांबीचा आकडा लिहिताना त्यातली शंकाही लिहा: "१४२ मीटर, अधिक-उणे १ मीटर." आधीचा विक्रम १४१.५ असेल, तर तुम्ही तो मोडला असं या मोजणीने सिद्ध होत नाही. अशा वेळी सर्व्हेअर बोलवा किंवा आणखी लांब लाइन बांधा.

दुसऱ्याचा दावा तपासताना

हीच पद्धत उलट दिशेने लावायची. व्हिडिओ आला की आधी आवाज बंद करून पूर्ण पाहा, कुठे कट आहे का ते शोधा. सावल्यांची दिशा मध्येच बदलली तर दोन वेगळ्या वेळच्या फिती जोडल्या आहेत.

मग वेग. ट्रिकच्या व्हिडिओत शरीर लाइन सोडून पुन्हा त्याच पातळीला येईपर्यंतचा वेळ फ्रेम मोजून काढा. हवेत १ सेकंद असेल तर चढ साधारण १.२ मीटर असायला हवा, ०.८ सेकंद असेल तर ०.८ मीटरच्या आसपास. चढ जेमतेम अर्धा मीटर आणि हवेतला वेळ सव्वा सेकंद दिसत असेल, तर फीत संथ केली आहे. चित्रण करणाऱ्याला सांगून ठेवता आलं तर आणखी सोपं: प्रयत्नाआधी २ मीटरवरून एक दगड खाली सोडायला सांगा. ६० फ्रेमच्या फितीत तो जमिनीवर यायला ३८ फ्रेम लागतात. ५० लागल्या तर वेग बदललेला आहे, २५ लागल्या तरीही.

लांबीचा दावा असेल तर टोकांचे अक्षांश-रेखांश मागा आणि उपग्रह नकाशावर बघा. नकाशावरची प्रतिमा काही मीटर सरकलेली असू शकते, त्यामुळे दोन-तीन मीटरवरून कोणाला खोटं ठरवू नका. पण २०० मीटरच्या दाव्याची दरी नकाशावर १३० मीटरचीच असेल, तर तसं स्पष्ट विचारा.

साक्षीदाराला फोन केलात तर "तो न पडता गेला ना?" असं विचारू नका. उत्तर प्रश्नातच दिल्यासारखं होतं. "कुठे उभे होतात, तिथून त्याचे हात दिसत होते का?" असं विचारा.

मूळ फाइल मिळाली नाही, मोजणीची पद्धत सांगितली नाही, तर तुमच्या यादीत त्या दाव्यापुढे "पडताळणी झालेली नाही" असं लिहा. "खोटा" लिहायचं नाही. त्यासाठी वेगळा पुरावा लागतो. काय कमी आहे ते दावा करणाऱ्याला नावानिशी कळवा आणि फाइल उघडी ठेवा. बऱ्याचदा मूळ फीत कोणाच्या तरी जुन्या कार्डवर पडलेली असते आणि कोणीतरी नेमकं विचारलं की निघते.